जमिनीला भेग पडते तिथे

कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीत त्या हॉलमध्ये शिरले आणि पहिल्यांदा काय आठवलं तर वास. गरम पॅराफिनमध्ये थोडं मधमाशीचं मेण घातलं की जो गोडसर, किंचित जळकट वास येतो ना, तो. खरं तर तिथे कसलाच वास नव्हता, एसी लावलेला स्वच्छ हॉल, पण समोर रेशमी कापडं वरून खाली सोडलेली होती आणि त्यांच्याजवळून कुणी चालत गेलं की त्या वाऱ्याने ती हळूच हलायची, आणि मला एकदम आमचं कोल्हापूरचं स्वयंपाकघर दिसलं, वातीच्या स्टोव्हवर मेणाचं पातेलं, आणि आई कमरेला पदर खोचून ब्रशने चादरीवर मेण लावतेय.

जानेवारी 2024 ची गोष्ट. मेलबर्नहून आम्ही सात तास गाडी चालवत गेलो होतो फक्त हे प्रदर्शन बघायला. एमिली काम क्ङ्वारे, इथली आदिवासी चित्रकार, तिचं. मेलबर्नमध्ये राहून तिचं नाव ऐकलं नाही असं होतच नाही, इथल्या गॅलरीत तिचं ते आठ मीटर लांबीचं काळं-पांढरं चित्र आहे, ते मी अनेकदा बघितलेलं. पण तिने कॅनव्हासला हात लावायच्या आधी अकरा वर्षं कापडावर बाटिक केलं, म्हणजे कापडावर मेणाने काढायचं आणि मग रंगात बुडवायचं, मेणाखाली रंग चढत नाही, बाकीच्या बायकांबरोबर जमिनीवर बसून, हे मला माहीत होतं ते फक्त एका ओळीपुरतं. तिच्यावरच्या बहुतेक लेखांत असंच असतं बघा, "सुरुवातीला बाटिक केलं" आणि पुढच्या वाक्यात लगेच कॅनव्हास, लिलाव, लाखो डॉलर. त्या हॉलमध्ये मी जवळजवळ दीड तास होते आणि बाहेर आले तेव्हा ते एक वाक्य मला फार अपुरं वाटायला लागलं होतं. म्हणून हे लिहितेय.

आधी नावाचं सांगते, कारण मला त्याचं अप्रूप आहे. क्ङ्वारे हे आडनाव नाही. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अन्मात्यर लोकांत माणूस जन्मतो तो एका ठराविक गटात, आणि कुणाशी कसं नातं, कुणाशी लग्न चालतं, कुणापुढे कसं वागायचं हे सगळं त्यावरून ठरतं, त्या गटाचं हे नाव. इंग्रजी बोलणारे या नावापाशी अडखळतात, त्यांना सुरुवातीचा तो आवाज लिहिताच येत नाही. आपण शाळेत क ख ग घ ङ म्हणायचो, आणि तो ङ म्हणजे शेवटी नुसतं शोभेचं अक्षर, कधी कुठे सुरुवातीला लागत नाही असंच वाटायचं, तर तो इथे लागतो. क आणि ङ एकदम, एका श्वासात. आणि मधलं काम, ते तिचं स्वतःचं नाव. तिच्या भाषेत काम म्हणजे पेन्सिल याम नावाच्या एका कंदाचं बी आणि त्याच्या शेंगा. त्या कंदाकडे मी येणारच आहे.

ती जन्मली 1910 च्या आसपास, नक्की साल कुणी लिहून ठेवलेलं नाही. ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला अडीचशे किलोमीटरवर यूटोपिया नावाचा भाग आहे, सँडओव्हर नावाची नदी तिथून जाते, नदी म्हणजे वर्षातला बहुतेक काळ नुसती वाळू. त्या भागात अल्हाल्कर ही तिच्या वडिलांची, आजोबांची जागा. इंग्रजीत इथले आदिवासी लोक कंट्री म्हणतात त्याला, आणि देश म्हटलं की ते चुकतं, प्रांत म्हटलं की सरकारी वाटतं, आपला मुलूख हा शब्द त्याच्या सगळ्यात जवळ जातो असं मला वाटतं. आपला मुलूख म्हणताना आवाजात जे येतं ते. अल्हाल्करमध्ये एक खडक आहे, त्याला आरपार भोक आहे, कमानीसारखं. एमिलीआज्जीच्या नाकाच्या मधल्या पडद्याला तसंच भोक पाडलेलं होतं, त्या खडकाच्या, म्हणजे त्या पूर्वजाच्या मानाखातर. तिच्या फोटोंत ते दिसतं. म्हणजे मुलुखाची खूण तिच्या चेहऱ्यावरच होती, कापडावर उतरायच्या कितीतरी आधी. मी तो फोटो बघताना नकळत माझ्या चमकीला हात लावला.

तरुणपणी तिने तिथल्या गोऱ्यांच्या गुरांच्या फार्मवर काम केलं. बाकीच्या बायकांना घरकामाला ठेवत, ही गुरांमागे, उंटांबरोबर असायची. त्यांच्याच जमिनीवर, दुसऱ्याची गुरं. यूटोपिया हे नावही त्या गोऱ्या फार्मवाल्यांनी दिलेलं, 1920 च्या दशकात. 1976 मध्ये तो फार्म आदिवासींसाठी विकत घेतला गेला, आणि मग लोक आपापल्या जागी परत जाऊन लहान लहान वस्त्या करून राहायला लागले.

बाटिक तिथे कसं पोचलं ती गोष्ट मला फारच आवडते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला अर्नाबेला नावाचं मिशन होतं, 1937 मध्ये सुरू झालेलं, तिथे 1948 मध्ये बायकांसाठी क्राफ्ट रूम निघाली, आधी लोकर कातणं, विणणं, गालिचे. 1971 मध्ये बाटिक आलं आणि तिथल्या बायकांनी ते असं काही उचललं की 1975 मध्ये तिघीजणी, न्युकाना बेकर, जिलियन डेव्ही आणि यिपाती, थेट इंडोनेशियात योग्यकर्ताला जाऊन बाटिकच्या संस्थेत शिकून आल्या. वाळवंटातल्या तीन बायका जावामध्ये! मग 1977 मध्ये यूटोपियात प्रौढ शिक्षणाचे वर्ग चालले होते, जेनी ग्रीन नावाची तरुण शिक्षिका होती, पुढे तिने या लोकांच्या भाषेचा शब्दकोश केला, तर तिथे बायकांना टाय अँड डाय, ब्लॉक प्रिंट असं काय काय दाखवून झालं आणि मग बाटिक शिकवायला अर्नाबेलाची यिपाती आली. म्हणजे मेणाची ही विद्या जावातून वाळवंटात आली ती शेवटी एका बाईने दुसरीला दाखवून, आपल्याकडे लोणचं जातं तशी, एका घरातून दुसऱ्या घरात. 1978 मध्ये त्यांचा गट झाला, यूटोपिया विमेन्स बाटिक ग्रुप. एमिलीआज्जी त्यातली पहिल्यापासूनची. तेव्हा तिची पासष्टी उलटून गेलेली.

आता बाटिक ज्यांनी केलंय त्यांना कळेल की वाळवंटात ते करणं म्हणजे काय. आमच्या घरी चार भिंतींच्या आत, नळाला पाणी, तरी आईची किती तारांबळ उडायची. मेण जास्त तापलं तर धूर, कमी तापलं तर ते कापडावर नुसतं बसतं, आत मुरत नाही, आणि मुरलं नाही की रंग खालून शिरतो आणि सगळी रेघ फिसकटते. आई मेणाचा थेंब कापडाच्या कोपऱ्यावर टाकून बघायची, मागून ओलसर पारदर्शक दिसला की बरोबर. मग थंड पाण्यात रंग, वाळवणं, परत मेण, परत रंग, फिकटाकडून गडदाकडे, आणि सगळ्यात शेवटी उकळत्या पाण्यात साबण टाकून मेण काढायचं, ते तर हात भाजणारं काम. यूटोपियात हे सगळं उघड्यावर, लाकडं पेटवून, त्या आगीवर मेण, मोठ्या ड्रममध्ये पाणी, भोवती कुत्री, पोरं, वाळू उडवणारा वारा. फ्रेम नाही, टेबल नाही. पाय पसरून बसायचं, मांडीवर रेशीम घ्यायचं आणि त्यावर मेण. जावाचं ते तांब्याचं चोचीचं छोटं भांडं असतं ना, चांतिंग, ते होतं, ब्रशही होते. जावात त्या चोचीतून केसासारखी रेघ काढतात, एकसारखी, न थरथरणारी. आज्जीच्या रेघा तशा नाहीतच. जाड, लांब, मध्येच तुटलेल्या, एकावर एक चढलेल्या, थेंब पडलेला तर पडू दिलेला. जवळ जाऊन बघितलं तर कळतं की एका थराखाली दुसरा, त्याच्याखाली तिसरा, आणि ती प्रत्येक वेळी नव्याने हात फिरवतेय, जुनी रेघ गिरवत नाहीये.

मी एका तपकिरी-पिवळ्या कापडापुढे बराच वेळ होते. तिथे शेजारी माहिती होती पण मी ती नंतर वाचली, आधी नुसतं हात कसा फिरला असेल ते बघत बसले. ज्याने कधी मेणाचा ब्रश धरलाय त्याला ते दिसतं. ब्रश बुडवल्यावर पहिली दोन इंच रेघ जाड आणि गरम, मग मेण गार होत जातं आणि रेघ खरखरीत होते, परत बुडवायचं. त्या रेशमावर तिचा ब्रश कुठे कुठे परत बुडवला गेला ते मोजता येत होतं. 1981 चं कापड आणि त्या दुपारची तिची गती अजून त्यात आहे.

या रेघा आल्या कुठून? तर अंगावरून. अन्मात्यर बायकांचे स्वतःचे विधी असतात, अवेल्य म्हणतात त्याला, त्यात गाणी, नाच, आणि एकमेकींच्या छातीवर, दंडांवर गेरू, पांढरी माती चरबीत कालवून पट्टे काढायचे. ते काढताना गाणं चालूच असतं, गाण्याशिवाय नुसते पट्टे काढत नाहीत. प्रत्येक मुलुखाचं गाणं वेगळं, पट्टे वेगळे. एमिलीआज्जी या विधींची जाणकार, मोठी बाई होती. म्हणजे बाटिक शिकवायला लोक आले तेव्हा तिला डिझाईन शिकवायची गरजच नव्हती, साठ वर्षं तिचं बोट बायकांच्या अंगावर चालत होतं. फक्त कातडीच्या जागी रेशीम आलं. आणि रेशीम अंगाजवळचं आहे, मऊ, घडी पडणारं, ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा किती तरी जवळचं. मला तरी त्या लटकत्या कापडांपुढे उभं राहून तसंच वाटत होतं, कुणाच्या तरी पाठीकडे बघतेय असं.

आणि हे पट्टे नुसते शोभेचे नव्हते. 1979 मध्ये जमिनीच्या हक्काची सुनावणी झाली यूटोपियाची, कमिशनर आले, वकील आले, कागद मागणार, आणि यांच्याकडे कागद कुठला. बायकांनी अंग रंगवून अवेल्य करून दाखवलं, हा आमचा मुलूख, हे त्याचं गाणं. जमीन त्यांच्या नावावर झाली. सातबारा म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको, एका नोंदीसाठी तलाठ्याकडे किती खेटे घालतात लोक, माझ्या मामाने घातलेत. त्यामुळे छातीवरचे पट्टे हा सातबारा म्हणून कुणीतरी मान्य केला हे वाचलं तेव्हा मी ते परत वाचलं होतं.

आता तो कंद. पेन्सिल याम. नावाप्रमाणे लांब, बारीक, पेन्सिलीएवढा जाड. नदीनाल्याच्या काठाने त्याचे वेल पसरतात, पिवळी फुलं येतात. मी उगीच त्याचं शास्त्रीय नाव शोधलं, व्हिग्ना लॅन्सिओलाटा, आणि मग ओळखीचं काहीतरी वाटलं म्हणून आणखी बघितलं तर मूग व्हिग्ना, उडीद व्हिग्ना, चवळी व्हिग्ना, मटकीसुद्धा व्हिग्ना! म्हणजे हा कंद आपल्या मुगा-मटकीचा सख्खा चुलतभाऊ. ती पिवळी फुलंही तशीच, मुगाच्या शेतात असतात ना. फरक एवढाच की आपण वरच्या शेंगा खातो आणि ते लोक खालचं मूळ उकरून खातात, गरम राखेत भाजून किंवा तसंच कच्चं. हा शोध लागला त्या दिवशी घरी मटकीची उसळच होती, मी लेकीला सांगितलं, ती म्हणाली, "मम्मा, मग ती आपल्या नात्यातलीच झाली की."

पण वेल वाळून गेल्यावर कंद शोधायचा कसा, वर तर काहीच दिसत नाही. तर जमिनीवर भेग पडते. आत कंद पोसतो, मातीला ढकलतो, वर बारीक तडा जातो, ज्याला डोळा आहे त्याला तो दिसतो आणि तिथे खणायचं. मेलबर्नचं ते मोठं चित्र, काळ्यावर पांढऱ्या रेघांचं ते जाळं, 1995 मधलं, तीन मीटर बाय आठ मीटर, ऐंशी वर्षं ओलांडलेल्या बाईने दोन दिवसांत काढलं म्हणतात, ते या कंदाची मुळं आहेत आणि वरच्या या भेगा. एकाच वेळी जमिनीच्या वरून आणि आतून बघितलेलं. त्या चित्राखाली उभं राहून लोक म्हणतात ॲबस्ट्रॅक्ट.

भेगा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? दुष्काळ. पेपरमध्ये तोच एक फोटो, मराठवाड्यातली काळी जमीन तडकलेली आणि वर बघणारा शेतकरी. माझ्याही डोक्यात भेग म्हणजे तेवढंच होतं असं मी समजत होते. आणि मग त्या हॉलमध्ये मला आजोळ आठवलं. आजोळ चंदगडकडचं, तांबडी माती, आणि आजीची रताळी. नवरात्राच्या सुमाराला ती मला वरंब्यावरून चालवायची, पाय संभाळून, आणि म्हणायची, "भेग बघ, भेग. जिथं भुई फुटलीया तिथंच मोठं हाय." मी पाच-सहा वर्षांची असेन. वरंब्याला बारीक तडा गेलेला असायचा, ती खुरप्याने बाजूची माती सारायची आणि खरंच खाली हा एवढा रताळ्याचा गड्डा. म्हणजे हे मला माहीत होतं! पायाला माहीत होतं, नंतर पुण्यात शिकले, नोकरी केली, इकडे आले आणि ते कुठेतरी गेलं. आजी जाऊन एकोणीस वर्षं झाली. हजारो मैलांवरच्या एका बाईच्या रेशमी कापडावर ते परत मिळालं.

त्यामुळे निसर्गातून स्फूर्ती घेतली वगैरे जे म्हणतात ना तिच्याबद्दल, ते मला आता पटत नाही. स्फूर्ती आपण घेतो, वीकेंडला डोंगर बघून येतो आणि छान वाटतं म्हणून काहीतरी काढतो. तिला भेग दिसते म्हणजे खाली जेवण आहे हे दिसतं, गवताचं बी पडलंय म्हणजे ते गोळा करून दळता येईल, इमू ज्या झुडपाची फळं खातो ते फुललंय म्हणजे इमू येणार. या सगळ्यावर पोट आणि या सगळ्याची गाणी. तिला विचारायचे, काय काढलंय हे, तर ती यादीच सांगायची, कंद, काटेरी सरडा, गवताचं बी, इमू, इमूचं खाणं, हिरवी शेंग, आणि मग म्हणायची, सगळंच, हे सगळंच. लोकांना ते गूढ वगैरे वाटलं. मला तर ते आजीसारखंच वाटतं, पिशवीत काय आहे गं विचारल्यावर ती एकेक नाव घ्यायची तसं.

आणि बाटिकमध्येच भेगा असतात ही गोष्ट मला तिथे उभं असताना सुचली आणि मग डोक्यातून जाईचना. मेण सुकलं, कापड हाताळलं की मेणाला तडे जातात, त्या तड्यांतून रंग आत शिरतो आणि कापडावर बारीक शिरांचं जाळं उमटतं. जावाचे जुने कारागीर ते दोष मानतात. आपल्याकडे मात्र तेच आवडतं, आई मुद्दाम पॅराफिन जास्त घालायची कारण ते ठिसूळ असतं, आणि मेण लावलेली चादर गार पाण्यात बुडवून चुरगाळायची, "तडे आल्याशिवाय बाटिक कसलं." ज्या बाईच्या डोक्यात भेग म्हणजे अन्नाची खूण आहे तिच्या हातात असा प्रकार पडावा ज्यात तडे आपोआप उमटतात. तिने तसा विचार केला असेल असं मी म्हणत नाही. पण माझ्या डोळ्यांना ते आता वेगळं दिसत नाही.

1981 मध्ये या बायकांच्या रेशमाचं प्रदर्शन ॲडलेडला झालं, त्याचं नाव होतं तरंगणारी रेशमी रानं अशा अर्थाचं, सुंदर नाव. 1988 मध्ये अठ्ठ्याऐंशी रेशमी तुकड्यांचा एक मोठा संच तयार झाला, प्रत्येकीने आपली गोष्ट काढायची, तो सगळा एकत्रच विकत घेतला गेला, आणि त्याच उन्हाळ्यात, म्हणजे इथला उन्हाळा, डिसेंबर-जानेवारी, त्याच बायकांना शंभर छोटे कॅनव्हास आणि ॲक्रिलिक वाटले. एमिलीआज्जीने त्यावर पहिलं चित्र काढलं, इमू बाई, आणि ते सिडनीच्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगवर आलं. तिथून पुढची आठ वर्षं जगाला माहीत आहेत. सुमारे 3000 चित्रं. सप्टेंबर 1996 मध्ये ती गेली. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या बिएनालेत, त्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, ऑस्ट्रेलियातर्फे तिघींचं काम गेलं, एमिली, जुडी वॉटसन आणि यव्हॉन कूलमाट्री, ही यव्हॉन नदीकाठच्या लव्हाळ्याच्या विणकामातली, मासे पकडायचे सापळे विणणारी, म्हणजे तिथेही धाग्या-गवताचा हात होताच. 1994 मधलं एमिलीआज्जीचं एक चार कॅनव्हास जोडून केलेलं प्रचंड चित्र 2007 मध्ये साडेदहा लाख डॉलरला आणि 2017 मध्ये 21 लाखांना गेलं. मोने, पोलॉक या पाश्चात्त्य चित्रकारांशी तुलना झाली, ज्यांचं तिने काहीही बघितलेलं नव्हतं. असू दे.

बाटिक का सोडलं, तर त्याचं तिने सरळ उत्तर दिलेलं आहे. कंटाळा आला. परत परत उकळायचं, परत परत जाळ करायचा, साबणाची पावडर संपवायची, डोळेही अधू व्हायला लागले होते, कॅनव्हास सोपा. मला हे उत्तर फार प्रिय आहे. कारण कामाचा एवढा तपशील, जाळ, पाणी, साबण, हे ज्याने केलंय तोच सांगतो. पण यावरून बाटिक म्हणजे कच्ची तयारी आणि कॅनव्हास म्हणजे खरी कला असं जे मांडलं जातं ते मला मान्य नाही. कॅनव्हासवर ती जे करते, जमिनीवर पसरून, चारी बाजूंनी, मध्ये बसून, एका थरावर दुसरा थर, ठिपक्यांखाली रेघा लपवायच्या, हे सगळं ती मेणात करत होती. मेणात तर काढलेलं झाकूनच ठेवायचं असतं, आधी काढलेली रेघ मेणाखाली जपून ठेवायची आणि ती शेवटी उकळल्यावरच दिसणार. लपवून जपायची ही सवय कापडाने लावली असं मला वाटतं. तिच्या भाच्या, कॅथलीन आणि ग्लोरिया पेट्यार, त्याही त्याच बाटिकच्या गटातल्या, ग्लोरियाला 1999 मध्ये इथला विन प्राईझ, चित्रकलेतला मोठा पुरस्कार, मिळाला, पानांच्या चित्राला, आदिवासींमधून पहिल्यांदाच. एवढ्या सगळ्याजणी एका मेणाच्या ड्रमाभोवतून उठल्या. आपल्याकडेही बायकांनी कापडावर केलं की हौस, आणि तेच फ्रेममध्ये लावलं की कला. आईच्या चादरींना "छान आहेत हो, टाईमपास होतो" म्हणणारे शेजारी मला अजून आठवतात.

परत आल्यावर मी एक गोष्ट केली आणि ती अर्धवट सोडली, तेही सांगते. मी इथे गॅरेजमध्ये थोडंफार बाटिक करते, इलेक्ट्रिक तव्यावर मेण. तर मी फोटोवरून त्या मुळांच्या रेघा कागदावर उतरवल्या, एका ओढणीसाठी. अर्धा दिवस त्यात गेला. मग मला तो 1994 चा खटला आठवला, गालिच्यांचा. इथल्या आदिवासी चित्रकारांची चित्रं न विचारता व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली आणि इथे आणून विकली, त्यात उत्तरेकडच्या अर्नहेम लँडच्या बांडुक मारिका या बाईचं चित्र होतं, तिच्या कुळाच्या पवित्र पाणवठ्याचं, म्हणजे लोक त्यावर पाय देऊन चालणार, आणि तिच्या लोकांत अशा चित्राचं काही वाईट झालं तर जाब तिलाच द्यावा लागतो. फेडरल कोर्टाने 1,88,640 डॉलर भरपाई द्यायला लावली. एमिलीआज्जीने आयुष्यभर अल्हाल्करच काढलं कारण ते तिला वडिलांकडून आलं होतं, शेजारच्या बाईचा मुलूख तीसुद्धा काढणार नाही. मी कोण? तो कागद मी फाडला नाही, पण घडी करून ठेवून दिला. ओढणीवर रताळ्याचे वरंबे काढले. तेवढं माझं आहे, आजीकडून आलेलं.

ओढणी आईला व्हिडीओ कॉलवर दाखवली. ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे खाली बसणं सुटलं. मी तिला प्रदर्शनाचेही फोटो पाठवले होते, ती ते चष्मा वर-खाली करत बघत होती. तिने ॲबस्ट्रॅक्ट वगैरे काही विचारलं नाही. म्हणाली, "रेशमावर उकळायच्या? मग साबण कुठला गं? सोडा टाकला तर रेशीम जातंय." मी म्हटलं माहीत नाही आई, पावडर म्हणून लिहिलंय. "पाण्याचं काय करत असतील बाया," एवढं म्हणाली आणि गप्प झाली.

दोन दिवसांनी तिचा फोटो आला. तिने कपाटातून तिचा 1987 चा टेबलक्लॉथ काढला होता, चॉकलेटी, वर पिवळी पानं आणि भरपूर तडे. दाखवण्यासाठी म्हणून खाली-वर पुढारीची पानं घालून त्याला इस्त्री केली. दुसऱ्या फोटोत नुसता पेपर होता. बातम्यांच्या अक्षरांवर पानांच्या आकाराचा तेलकट डाग उमटला होता आणि खाली तिने टाईप केलेलं, अजून मेण निघतंय बघ.